पट्ट्याचा एक दात

४ मार्च, सोमवार
डॉक्टरांची गाडी आली. पेशानं दातांचे डॉक्टर, पण जीव सगळा घाटातल्या चढाच्या मोटार-शर्यतीत. शर्यत रविवारी. नवा कॅमशाफ्ट कापडात गुंडाळून आणलाय, सोबत जाड नळ्यांचा एक्झॉस्ट. म्हणाले, "आवाज असा हवा की पुढच्यानं आपणहून बाजूला व्हावं." बाबा म्हणाले, "आवाज कुठलीही फुटकी नळी काढते, डॉक्टर. ताकद कॅममध्ये." मग माझ्याकडे वळून — "हे इंजिन तुझं."
नऊ वर्षं वाट पाहिली या वाक्याची! चेहरा मात्र साधा ठेवला.

५ मार्च
कॅम बसला. याचे उंचवटे जुन्याहून उंच, त्यामुळे व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. इंजिन आणि कॅम एका तालात फिरवणारा दातेरी टायमिंगचा पट्टा तेवढा बाबांनी चढवला — आमच्या गॅरेजात तो दुसऱ्या कुणी चढवायचा नाही. पुलीवरच्या खुणा जुळवल्या आणि कव्हरवर खडूनं बरोबरची खूण केली. तीस वर्षांत ती खूण कधी खोटी ठरलेली नाही.

६ मार्च
एक्झॉस्ट झाला. हात कोपरापर्यंत काळे. आई म्हणाली, "आधी आंघोळ, मग ताट."

७ मार्च
गाडी डायनोवर नेली — चाकं रोलरवर पळवून ताकद मोजतात ते यंत्र. आधी ९२ हॉर्सपॉवर भरली होती. आज ८८! एवढा खटाटोप करून चार घोडे पळाले. बाबा म्हणाले, "नळ्या फार जाड आहेत." मला पटलं नाही. इंजिन हळू फिरतं तेव्हा जोर भरपूर आहे, वेगात फिरतं तेव्हा दम नाही. हे नळ्यांचं दुखणं नव्हे; जाड नळ्यांनी उलट झालं असतं.

८ मार्च
बाबा बाहेर गेले होते. कव्हर उघडलं. पट्टा एक दात पुढे. बोटानं मोजलं, परत मोजलं. आणखी एखादा दात चुकता तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा चुरा झाला असता. पण खरी भीती दुसरीच — बाबांना हे सांगायचं कसं? त्या खडूच्या खुणेवर लोक डोळे मिटून गाडी सोडून जातात.
तेवढ्यात ते आलेच, डॉक्टरांना घेऊन. मी म्हणून टाकलं, "पुली मीच सैल केली होती नंतर. दात सरकला."
"नऊ वर्षं काय शिकलीस?" — डॉक्टरांसमोर. डॉक्टर हसले, "दात चुकला म्हणजे ही माझी पेशंट." मीही हसले. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? पण बाबांची मान खाली जाण्यापेक्षा माझी गेलेली बरी.
"चढव आता नीट," बाबा म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. पट्टा पहिल्यांदाच मी चढवला.

९ मार्च
१०७. डायनोवाल्यानं आपणहून परत मोजली. १०७च.

१० मार्च
डॉक्टर तिसरे आले. फोनवर एवढे ओरडत होते की आईला वाटलं, भांडण झालं.

११ मार्च
सकाळी शटर अर्धंच वर केलं आणि बाबा थांबले. "पुली तू सैल केली नव्हतीस." मी शटर धरून ठेवलं. "उजव्या डोळ्यानं मला हिवाळ्यापासून दिसत नाही. अंदाजानं चढवतोय. तू आळ अंगावर घेतलास तेव्हा मला बरं वाटलं, पोरी. त्याचीच लाज वाटते."
हिवाळ्यापासून. म्हणजे गेल्या चार महिन्यांतल्या सगळ्या गाड्या.
यादी काढली आहे. एकवीस. पहिला फोन बाबांनीच लावला.