दुसऱ्या गिअरवर धरलेला हात

मी, हेमांगी योगेंद्र पाटील, वय ४६, धंदा शेती, राहणार प्रकाशा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्ध शाबूत आहे. दडपण कोणाचे नाही. गुरुवारी सुरतेला ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. मला काळजी वाटतही नाही. सहा वर्षांत फारसे काही वाटलेले नाही.

१. राहते घर, बँकेतील ठेव आणि माझ्या नावावरची चार एकर केळीची जमीन मुलगी कामिनीला. विकायची की ठेवायची, ते तिने ठरवावे. लोक काय म्हणतील ते मी आयुष्यभर ऐकले, तिने ऐकू नये.

२. दीर धर्मेंद्रभाऊ यांच्याशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चाललेला वाद मी सोडते. सकाळची पाळी त्यांनी घ्यावी. जावेने नेलेली पितळी परात परत मागू नये. नेली होती, एवढे मात्र नोंदवते.

३. सासऱ्यांनी सुरतेहून आणलेली मॉरिस मायनर अपघातानंतर भंगारात गेली. तिचा गिअरबॉक्स मी मागून घेतला. तो गोठ्यात पोत्याखाली आहे. त्याची व्यवस्था कलम ५ मध्ये.

४. यात मालमत्ता नाही, पण मी लिहायला बसले ते यासाठीच.

या गाडीचा दुसरा गिअर उतारावर निसटायचा. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की दांडा झटक्याने न्यूट्रलमध्ये यायचा. यजमान दर महाशिवरात्रीला तोरणमाळला जात. घाट उतरताना मी शेजारी बसून दांडा दाबून धरत असे. "तू फक्त धरीसन बस," ते म्हणायचे, आणि सरळ रस्ता आला की माझ्या हातावर हात ठेवायचे. घरी ते बोलायचेही कमी. अशी नऊ वर्षे.

२०१८ च्या जानेवारीत यजमान ऊसतोडीत अडकले होते, म्हणून गाडी मीच चालवत नंदुरबारला कय्युम मिस्त्रींच्या गॅरेजवर नेली. "चलाओ भाभी, मी ऐकतो," म्हणून ते बाजूला बसले. चौथ्यात गाडी गप्प, तिसऱ्यात गप्प, दुसऱ्यात टाकली की रडका सूर. "बेअरिंग गेली असती तर सगळीकडे रडली असती. ही दुसऱ्यातच रडते." त्यांनी दांड्याखालची, गिअर जागेवर अडकवणारी स्प्रिंग आणि लोखंडी गोळी बदलून पाहिली, तरी गिअर निसटला. शेवटी ऑइल काढून त्यात चुंबक फिरवला. त्याला लोखंडाचा चुरा चिकटून आला. "दात झिजलेत. पकडच राहिली नाही."

मी धरून ठेवते की, असे म्हटले. ते हसले नाहीत. "धरून नाही थांबत, भाभी. जितकं दाबाल तितकं आत घासतं. नऊ साल तुमच्याच हातानं झिजलाय. सामान येईपर्यंत घाट नाही. भाईला सांगा, मी बोललो म्हणून."

मी सांगितले नाही. मिस्त्रींनी स्प्रिंग बदलली, एवढेच सांगितले. सांगितले असते तर गिअर दुरुस्त झाला असता आणि माझ्या हाताचे काम संपले असते. शिवरात्रीचा आणखी एक घाट, एवढेच मनात होते. त्या सकाळी कामिनीला ताप भरला, मी घरी राहिले, ते एकटे निघाले. दारात इंजिन चालू होते तेव्हाही सांगता आले असते. मी म्हणाले, "सावकाश जा."

उतारावर गिअर निसटला. सगळा भार ब्रेकवर आला आणि ब्रेक तापून निकामी झाले.

यजमानांच्या दहाव्याला तापीकाठी धर्मेंद्रभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या मिस्तरीनं मन्हा भाऊले मारी टाकं." कय्युमभाई तिथेच उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यानंतर आमच्या भागातले ट्रॅक्टर त्यांच्याकडे जाईनासे झाले. गॅरेज बंद पडले. आज ते दुसऱ्याच्या टायरच्या दुकानात रोजाने आहेत. मला बजावले होते, हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही.

त्यांचे निदान बरोबर होते. लपवले मी.

५. ~~गिअरबॉक्स कय्युमभाईंना द्यावा. कलम ४ माझ्या दहाव्याला तापीकाठी मोठ्याने वाचावे.~~

हे कलम सही करण्याआधीच खोडले आहे, त्याचे कारण असे. आज सकाळी कय्युमभाईंना आणि शेजारच्या वत्सलाबाईंना बोलावून वाचायला दिले. कय्युमभाईंनी दोनदा वाचले. मग म्हणाले, "माझं नाव साफ व्हायला तुमच्या मरणाची वाट बघायची का मी?"

वत्सलाबाई म्हणाल्या, "आनि तू मरशी का नई, ते बी कोनले माहीत?"

सहीला दुसरा साक्षीदार हवा होता, पण मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले होते. तेही मी सांगितले. कय्युमभाई म्हणाले, "मग गिअरबॉक्स नको. सही करतो."

५ (दुरुस्त). गिअरबॉक्स शहाद्याच्या आयटीआयला द्यावा आणि दुसरा गिअर मुलांना उघडून दाखवावा. कलम ४ मी स्वतः आज चार वाजता धर्मेंद्रभाऊंच्या ओट्यावर वाचणार आहे. त्यांना निरोप गेला आहे. कय्युमभाई सोबत येत आहेत.

ठिकाण: प्रकाशा
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४

सही: हेमांगी योगेंद्र पाटील

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:

१. वत्सलाबाई रायसिंग गिरासे, प्रकाशा. धंदा: शेती.

२. कय्युम रशीद पिंजारी, नंदुरबार. धंदा: ~~मजुरी~~ मोटार मेकॅनिक.
(खाडाखोड साक्षीदाराने स्वतःच्या हाताने केली आहे. मला मान्य. हे. यो. पा.)