नापास कॉल शून्य

सोम. ७ जुलै, सातारा
पुणेकरांचा रिपोर्ट आला. मेढा भागाचे फोन नव्या यंत्रणेवर टाकून आठवडा झाला. नापास कॉल: शून्य. इथल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली खोलीभर कपाटं कॉल जोडायचं जे काम करतात ते आता पुण्याच्या सर्व्हरवर नुसतं सॉफ्टवेअर करणार, क्लाउडवर, आणि एकही कॉल तुटला नाही? जावळीत, या पावसात? आमच्या घरचा मिक्सरसुद्धा इतका गुणी नाही.
सांगलीहून साहेबांचा फोन. "मॅडम, १८ला चाचणी पास म्हणून सही करा, कपाटं भंगारात काढू." सही माझी. कपाटं एकदा गेली की परत यायची नाहीत.

बुध. ९
पुण्याला विचारलं, एकूण कॉल किती झाले? "तो कॉलम फॉरमॅटमध्ये नाही." का नाही? फार गोड बोलतात. गोड बोलणाऱ्यांचं मला कधीच...
सलीमभाईंना सांगितलं. वीसेक वर्षं तेच ही कपाटं सांभाळतात. "आसंल की ओ," एवढंच म्हणाले. एरवी पुणेकरांच्या नावाने दिवसभर खडे फोडतात.

शुक्र. ११
मुद्दाम मेढ्याला गेले. स्टँडसमोर चहाच्या टपरीवरून सात कॉल केले. सगळे लागले, आवाज स्वच्छ. परत येऊन पाहिलं तर सातही आमच्या जुन्या कपाटांच्या नोंदीत. नव्यावर एकही नाही. म्हणजे शून्य खरंच आहे. परीक्षेला बसलाच नाही तो नापास कसा होणार. पुण्याचीच लबाडी, दुसरं काय.

सोम. १४
रविवार सांगलीत, पण डोक्यात तेच. आई म्हणाली, सही करून मोकळी हो आणि इकडे बदली घे.
आज कमांडच्या नोंदी काढल्या. रोज सकाळी नऊला दिवसभराच्या चाचणीसाठी पुण्याहून मेढा नव्यावर जातं. नऊ वाजून दहा मिनिटांनी परत जुन्यावर. साताऱ्यातून. माझ्या नावाने.
त्या वेळी मी रिक्षात असते. पासवर्ड कोणाला दिला होता? एकालाच. दिवाळीत, रजेवर जाताना.
सलीमभाईंना.

मंगळ. १५
दिवसभर सलीमभाईंकडे बघत होते. त्यांनी चहा आणला, घेतला. विचारवेना. कुणी करायला लावलं असेल? मला अडकवायला? ज्यांच्या डब्यातलं इतकी वर्षं खाल्लं त्यांच्याबद्दल हे लिहितेय. लाज वाटते. तरी लिहितेय.

बुध. १६
विचारलं. लपवलं नाही त्यांनी.
"पैल्या दिशी मेढ्याच्या दवाखान्याचा फोन धा डाव तुटला ओ, ताई. मला न्हाई बघवलं. टाकलं परत जुन्यावर. मग रोजच."
"माझ्या नावाने?"
"माझ्या नावानं मशीन ऐकत न्हाई आता. बंद केलंय पुनेवाल्यांनी."
म्हटलं, तुम्ही सांभाळलंत म्हणून शून्य आलं, आणि शून्य आलं म्हणून कपाटं भंगारात. त्यांनी कपाटाच्या दारावर हात ठेवला. मग, "म्हंजी मीच गाडली म्हना."
साहेबांना फोन केला. "असलं काही लेखी आणू नका. नोंदीत नाव तुमचंय." आवाज अगदी मऊ. ह्यांना आधीपासून ठाऊक होतं की काय?
पासवर्ड बदलला.

गुरु. १७, सकाळी ९.२५
लवकर आले. नऊला मेढा नव्यावर गेलं. आज कुणी हात लावला नाही. नापास कॉल ४. मग ११. आता २६.
थोडे तुटले तर पुणेकर 'सुरुवातीची कुरकुर' म्हणून सोडून देतात, रिपोर्टात शून्यच लिहितात. सलग तासभर तुटले तरच चाचणी नापास धरतात. म्हणजे कपाटं वाचवायची तर दहापर्यंत गप्प बसायचं. मी मेढा वाचवतेय की स्वतःला? आकडा मोठा आला की माझ्या नावाच्या जुन्या नोंदी कोण उकरणार. दोन्ही असेल.
सलीमभाई खुर्चीमागे उभे. "पासवर्ड सांगा, ताई. तिकडं कुनीतरी फोन लावतंय."
३१.
अजून सांगितलेला नाही.