फॉस्फेटचा आकडा

दादा,

बाबांच्या माशांच्या टाकीतलं फॉस्फेट आज मी स्वतः मोजलं. ०.६ निघालं, हवं त्याच्या बारा पट. कॅलेंडरवर मात्र तुझ्या अक्षरात रोज ०.०५ लिहिलंय, आणि तपासणीच्या बाटलीचं सील तर मी आज फोडलं! म्हणजे तीन आठवडे तू एकदाही पाणी मोजलं नाहीस आणि दवाखान्यात पडलेल्या माणसाला रोज फोनवर बिनदिक्कत थापा मारल्यास.

जांभळं प्रवाळ मेलं. नखाएवढ्या तुकड्यापासून बाबांनी ते अकरा वर्षं वाढवलं होतं. काचेवर चढलेलं शेवाळ आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तू मुठीमुठीने खाणं टाकत राहिलास आणि वर सरळ नळाचं पाणी ओतलंस; फॉस्फेट चढणारच.

आता शहाणपणा करून फॉस्फेट शोषणारे सगळे दाणे फिल्टरमध्ये ओतू नकोस. आकडा झटक्यात उतरला तर उरलेली प्रवाळंही जातील. मी थोडे घातलेत, तेवढे पुरेत. टाकीला हातच लावू नकोस. माशांना खायला मी घालीन.

दुपारी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं गं. रोज तोच आकडा कधी येतो का? पण त्या निमित्ताने तो फोन तरी करायचा. त्याला काही बोलू नकोस."

म्हणून बोलत नाही, लिहून ठेवतेय.