मोगीचे मार्क

१७ नोव्हेंबर
नंदुरबार. ट्रेनिंगचा पहिला दिवस. विषय: अंध मुलांना संगणक कसा शिकवायचा. अशी ट्रेनिंगं पुष्कळ पाहिली. फोटो, बिस्किटपुडा, प्रमाणपत्र, घरी. हेही तेच असणार.
शिकवणाऱ्या नसरीनबाई इथल्याच, घरी शिंपीकाम. स्वतः अंध. मला आधी पटेना. की-बोर्डवर बोटं इतकी सराईत, थोडं तरी दिसत असणार! दुपारपर्यंत नजर ठेवून होते. नाही दिसत. आई माझ्याबद्दल म्हणायची ते खरं, ही पोरगी दुधात पाणी आहे का ते गाईलाच विचारील.

१८ नोव्हेंबर
आज प्रत्येकाच्या लॅपटॉपवर टॉवेल टाकायला लावला. न बघता लिहायचं. दाबलेलं अक्षर यंत्र बोलून सांगतं, वाक्य संपलं की सबंध वाचून दाखवतं. सगळे मास्तर टॉवेलाची कड उचलून बघत होते. शेजारच्या पावरा सरांना मी पकडलं, तर ते म्हणाले, तुम्हाला कसं दिसलं मॅडम?
चहाच्या वेळी न.बाईंनी विचारलं, तुमच्या शाळेत कोण आहे? सांगितलं: मोगी, दहावीत, मार्क चांगले. पेपर ती तोंडी सांगते आणि कविता नावाची नववीतली मुलगी लिहून घेते, लेखनिक म्हणून.
"लिहिलेलं तिला वाचून दाखवते का?"
म्हटलं, दाखवत असेल.
"मला कुणी दाखवलं नाही. बारावी पास झाले मी. त्यात मी किती होते, ते आजपर्यंत माहीत नाही."
चहा तसाच राहिला.

२० नोव्हेंबर
घाट चढून आश्रमशाळेवर परत. हेडसरांच्या कपाटातला लॅपटॉप मागितला. किल्ली सापडेना. मी कपाटापाशीच खुर्ची टाकून बसले. मग खिशातच सापडली म्हणे.
मोगीला सुरुवात केली. बोटं घाबरतात, कान नाही.

४ डिसेंबर
रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर मो. आणि मी. जोडाक्षरांना अडते, चिडते, पण उठत नाही.
ती धरणात गेलेल्या मणिबेलीची. सुट्टीत घरी जायचं तर होडी. घरी भिली, मराठी तिनं वर्गात बसून ऐकून ऐकून उचललेली. बाप उसाच्या फडावर आहे, गुजरातेत. त्याचं ठरलंय: दहावी पास झाली तर नंदुरबारला अकरावीत घालीन, नाहीतर पुढच्या वर्षी फडावर, लहान भावंडं सांभाळायला. मो. ला अकरावी पाहिजे. दुसरं काही मागत नाही.

९ डिसेंबर
न.बाईंचा प्रश्न डोक्यातून जात नाही. आज कविताला एकटं गाठलं. मोगी सांगते तेच लिहितेस ना?
पोर बिचारी लपवतसुद्धा नाही. म्हणाली, "ती अडली का मी माझ्या मनानं लिहिते. हेडसरांनी सांगितलंय, थांबायचं नाही."
कशात अडते?
"भूगोलात लय."
भूगोल माझा विषय.

१० डिसेंबर
हे.सरांकडे गेले. ते शहाद्याचे, मी कळसाडीची. रागावले की आमचं दोघांचं अहिराणीत सुरू होतं. आज ते रागावलेही नाहीत. अहिराणीतच, पण समजूत काढल्यासारखं म्हणाले, "मॅडम, पोरगी पास व्हयनी म्हंजे झायं. कोनी लिखं, हाई बोर्ड थोडंच इचारी ऱ्हायनं?"
निकालाचा फलक गेटवर लावायची यांना हौस. पण बोलले ते सगळंच खोटं म्हणता येईना, याचा जास्त राग आला.

१९ डिसेंबर
आज मो. ला मुद्दाम सहामाहीतला प्रश्न दिला: धरणांचे परिणाम लिहा.
त्या पेपरात तिच्या नावावर सुंदर उत्तर होतं. सिंचन, वीजनिर्मिती, मत्स्यव्यवसाय. पैकीच्या पैकी दिले. नाव न सांगता वर्गात वाचूनही दाखवलं, उत्तर कसं लिहावं म्हणून. मणिबेलीची मुलगी धरणावर असं लिहिते, आणि भाजीवाल्याचा काटा दोनदा बघणाऱ्या मला शंका आली नाही!
आज तिनं लिहिलं ते असं:
धरणाने पाणी वर येतो. आमचा घर पाण्यात आहे. आजाचा शेत पण पाण्यात. होडी नाही तर शाळा नाही. वीज दुसरीकडे जाते.
यंत्रानं एकसुरी वाचून दाखवलं. तिनं परत वाचायला लावलं. मग परत. मला म्हणाली, "हे मीच लिवलं ना?" आणि हसायला लागली. इतकी हसताना मी तिला पाहिलेली नाही.
मला रडू येत होतं. आणि डोक्यात दुसरीकडे हिशेब चालू, नमुना उत्तराप्रमाणे याला पाचात किती? फार तर एक.

२२ डिसेंबर
हे.सरांचा निरोप: उद्या सांगा, मो. च्या दहावीच्या पेपरांसाठी बोर्डाला काय कळवू, लेखनिक की संगणक? एकदा कळवलं की बदलणार नाही. वर म्हणाले, पोरगीलेच विचारा ना! एवढा शहाणपणा त्यांना कुठून सुचला? माझ्या हातून तिला नापास करायचं, असं तर नाही?
न.बाईंना फोन लावला. म्हणाल्या, मी सांगणार नाही. तिला सगळं माहीत असू द्या, मग ती सांगेल.
सगळं!

२२ डिसेंबर, पुन्हा
जेवणानंतर मो. स्वतःच आली. निरोप तिच्याही कानावर गेला असणार. म्हणाली, कॉम्प्युटरवर लिहीन, पण तयारी पाहिजे. मग दाराला टेकून उभी राहिली.
"मॅडम, सहामाहीनंतर तुम्ही धरणाचं एक उत्तर वाचलं होतं. लय चांगला होता. कोणाचा होता तो? मी तिच्याकडून शिकते."
मी म्हटलं, आठवून सांगते.
"बरं," म्हणाली. गेली नाही. तोंड माझ्याकडे करून उभी.
हिला खरंच माहीत नाही, की माहीत आहे आणि मी सांगते का ते बघतेय? स्वभावानं माझ्यासारखी निघाली तर.
अजून दारातच आहे. मी मान खाली घालून हे लिहितेय. तिला पेनचा आवाज येत असणार