वाळूची बॅग

हर्षद,

तू जिमवरून येईपर्यंत मी ड्युटीला निघालेली असेन. अंडी उकडून ठेवलीत, खा. तुझी वाळूची बॅग दारामागे सरकवलीय. मला उचलवेना, म्हणून फरफटत नेली. लादीवर ओरखडा पडलाय, त्यावरून बोलू नकोस.

कोचने ही बॅग दिली नव्हती, तेव्हा फाइटच्या तयारीला तू मलाच खांद्यावर घेऊन चार मजले चढायचास. कुंदाकाकू दार उघडून ओरडायच्या, "अरे मेल्या, पाडशील तिला!" आता रोज बॅग तुझ्या खांद्यावरून जिना चढते आणि मी एकटी लिफ्टने येते.

आज लिफ्ट बंद आहे. संध्याकाळी घाटकोपरहून आले की मी खालीच थांबते. माझं वजन अजून तेवढंच आहे रे. बॅग घरी ठेवून ये.

श्रुतिका