दोन घासांचं वजन

३ फेब्रुवारी, सोमवार

पाय तुटले नुसते. आज नऊ घरं! काटा खांद्यावर, वाट्या-चमचे पिशवीत, फॉर्मची चळत काखेत. गाढवसुद्धा एखादवेळी अडून बसतं, मी नाही. नऊच्या नऊ फॉर्म भरून आणले आणि एक रकाना मोकळा नाही. धाकटीचे पाच झाले. आमच्यात सगळ्यात नवी म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणतात. शिकली माझ्या दुप्पट, पण बायकांना बोलतं करणं कुठल्या कॉलेजात शिकवतात?

काम सांगायला सोपं. गरोदर बाईच्या घरी जायचं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं ते विचारायचं आणि लिहायचं. पुढे बाळ झालं की त्याचं वजन करायचं. बाई म्हणते, "नेहमीचंच खाल्लं." आता या नेहमीच्यातून भात किती आणि डाळ किती हे काढून घ्यायला अकरा वर्षं घासलीत मी. दारावर थाप मारली की आतून आवाज येतो, "काटेवाल्या ताई आल्या गं." बरं वाटतं. उगाच खोटं कशाला लिहू?

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमचे हे म्हणाले, "सगळ्या जगाला काय जेवलात विचारत फिरतेस, मला कधी विचारलंस?" म्हटलं, तुम्ही गरोदर राहा, लगेच फॉर्म भरते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या बाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. हे सगळं संशोधन या डॉक्टरीणबाईंचं. आईच्या खाण्याचा बाळाच्या वजनाशी किती संबंध, त्याचं. एरवी हसतमुख असतात. आज चेहरा पार उतरलेला. आकडे आले म्हणाल्या. सहाशेतल्या एकशे त्रेचाळीस जणी दुपारी चाळीस ग्रॅमसुद्धा खात नाहीत.

"ही उपासमार आहे," म्हणाल्या. "आपल्या नाकाखाली चाललीये आणि आपल्याला पत्ता नाही."

पुढच्या महिन्यात मोठी सभा आहे, बाहेरगावचे मोठमोठे डॉक्टर येणार, तिथे त्या हेच मांडणार. आणि या एकशे त्रेचाळीस जणींना बाळंत होईपर्यंत रोज पोषणाचं पाकीट. यादीही झाली.

मला मात्र पटेना. चाळीस ग्रॅम म्हणजे पोटाला काहीच नाही. या बायका मी डोळ्यांनी बघितल्यात. धुणी बडवतात, जिने चढतात, माझ्याशी तासतासभर तोंड वाजवतात. उपाशी माणूस असा असतो होय?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं!

सकाळीच आकडेबुवांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. सगळे फॉर्म कॉम्प्युटरमध्ये भरतात ते हे. माणूस सरळ, पण जग सगळं बेरीज-वजाबाकीत चालतं असं त्यांना वाटतं. म्हटलं, त्या एकशे त्रेचाळीसांचे मूळ कागद काढा. कपाळाला आठ्या पाडून काढले. पहिला बघितला, दुसरा बघितला, दहावा बघितला. 'किती खाल्लं' या रकान्यात सगळीकडे एकच: दोन घास.

"मग यांचं वजन कसं धरलंत?"

"दोन गुणिले अठरा. छत्तीस ग्रॅम."

"अठरा कुठून आणले?"

तर या माणसाने ऑफिसातल्या दहा जणांना भात खायला बसवलं होतं, आणि प्रत्येकाचा घास तोंडात जायच्या आधी काट्यावर ठेवला होता! "सरासरी अठरा, बाई. दशांशापर्यंत काढलीये." मी इतकी हसले की पदराने डोळे पुसावे लागले. म्हटलं, "अहो, घरी बायको म्हणते ना, दोन घास खाऊन घ्या, मग कामाला बसा. तेव्हा ती ताटात दोनच घास वाढते का?"

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "नाही. चांगलं पोटभर वाढते."

झालं. कुठली बाई आपल्या तोंडाने सांगेल, मी ताटभर हाणलं म्हणून? "खाल्ले आपले दोन घास" असंच म्हणते. माझी आई म्हणायची, मीही म्हणते. आणि आम्हाला शिकवलंय काय, तर बाईचे शब्द जसेच्या तसे लिहा. लिहिले! निम्मेअधिक कागद तर माझ्याच अक्षरातले निघाले. मोजून विचारायचं राहिलं खरं, पण ते आता जाऊ दे.

मोठ्या बाईंना सांगितलं. आधी त्यांना हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या माणसांपुढे मी उपासमार म्हणून ओरडले असते आणि तोंडघशी पडले असते," म्हणाल्या. "तुम्ही माझी लाज राखलीत." मला, दहावीवर शाळा सुटलेल्या बाईला! घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते.

१० फेब्रुवारी, सोमवार

आता दुरुस्ती कशी करायची यावर बैठक. आकडेबुवांचं म्हणणं, दोन घास म्हणजे एक साधं जेवण, बाकीच्या बायकांची जी सरासरी निघते ती इथे धरू. मी मान डोलावली.

धाकटी मध्येच म्हणाली, "आपण त्या घरी परत जाऊन विचारून आलो तर?"

"एकशे त्रेचाळीस घरं?" मी म्हटलं. "आणि तीन महिन्यांपूर्वीच्या दुपारी काय खाल्लं होतं, ते कुणाच्या लक्षात असणार?"

"निदान आता काय खातात ते तरी कळेल."

"अगं, दोन घास म्हणजे काय हे शेंबडं पोर सांगेल. बायका हसतील आपल्याला."

सगळे हसले. धाकटी लाल झाली आणि वहीत काहीतरी गिरवत बसली. जरा जास्तच बोलले का मी? पण बरोबर तेच बोलले. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणाल तसं. तुमच्याइतकी ही घरं कुणाला माहीत?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाकिटांच्या यादीतून एकशे त्रेचाळीसही नंबर निघाले. लाल पेनने एकेक रेघ मीच मारली. पाकिटं आता ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्याकडे जातील. माझ्यामुळे!

१४ मार्च, शुक्रवार

सभा झाली. मी मागच्या रांगेत. नवी साडी, पण चप्पल तीच जुनी, घरं फिरून झिजलेली. मोठ्या बाईंनी अठरा ग्रॅमच्या घासाची गोष्ट सांगितली आणि सगळा हॉल खो खो हसला. आकडेबुवाही हसले, बिचारे. मनाचा मोठा माणूस. मग बाई म्हणाल्या, "हे ज्यांनी पकडलं त्या इथे बसल्या आहेत, जरा उभ्या राहा." उभी राहिले. टाळ्या! पांढऱ्या केसांचा एक डॉक्टर मुद्दाम मागे आला आणि म्हणाला, "आम्हाला यंत्रं मिळतात हो, तुमच्यासारखे कान मिळत नाहीत."

कान! हे वाक्य इथे लिहून ठेवते. म्हातारपणी वाचायला होईल.

२ एप्रिल, बुधवार

घासाच्या त्या चुकीवरचा शोधनिबंध छापायला गेला. वर सात नावं आणि सहावं माझं. आडनावासकट. यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, काढला, परत लावला. उठून स्वतः चहा केला. सव्वीस वर्षांच्या संसारात तिसऱ्यांदा!

थोरल्या बहिणीला फोन केला. ती शाळेत मुख्याध्यापिका. आजवर ओळख करून देताना म्हणायची, "ही आमची धाकटी, दवाखान्यात काहीतरी असते." आज म्हणाली, "मला एक प्रत पाठव. शाळेत लावते." फोन ठेवून मी चक्क रडले. पंचवीस वर्षांचं काहीतरी आत साचलं होतं, ते गेलं.

९ एप्रिल, बुधवार

तीन घरं, तीन बाळं. ऊन फार.

२१ एप्रिल, सोमवार

आता बाळांच्या वजनांचा सपाटा चाललाय. माझ्या एकशे त्रेचाळीसांतल्या एकोणचाळीस जणी बाळंत झाल्या. एकही बाळ अडीच किलोच्या खाली नाही! आज एक पठ्ठ्या तर साडेतीन भरला, काट्यावर पाय झाडत होता. तक्ता मुद्दाम धाकटीच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, "बघ. उपाशी आयांची बाळं अशी असतात का?"

तिने तक्ता नीट वाचला. "चांगलंय ताई," म्हणाली. "अजून एकशे चार राहिल्या." हिला आनंद म्हणून कशाचा होत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

लाल रेघ मारलेल्यांतली नंबर सत्याऐंशी. मुलगी झाली. महिने भरून झाली तरी एक किलो सहाशे. काचेच्या पेटीत ठेवलीये. काटा दोनदा शून्यावर आणला, तिसऱ्यांदाही तेवढंच.

आई म्हणाली, आठवा लागेपर्यंत अन्नाचा वासही सोसत नव्हता, घशाखाली उतरायचंच नाही. मी म्हटलं, अगं मग तेव्हाच मला सांगायचं नाहीस का? तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणाली, "सांगितलं होतं की ताई. तुम्ही लिहूनसुद्धा घेतलंत. दोन घास."

ऑफिसात येऊन कागद काढला. अक्षर माझंच. राहिलेल्या एकशे तीन घरांची यादी केली आणि धाकटीच्या टेबलाशी गेले. म्हटलं, माझं चुकलं, चल.