घोडेवाल्याचा जुळा भाऊ

४ फेब्रु. ७४, सोमवार
पुण्याहून एक साहेब आले. मुके चित्रपट शोधत फिरतात. म्हणाले, "तो घोडेवाल्याचा अमेरिकन पिक्चर आता जगात कुठेच उरला नाही. तुम्ही भिवंडीच्या तंबूत पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगायचात ना? मग मला सगळी सांगा. नोंदीत राहील." रविवारी येणार. हो म्हणून बसलो. कशाला म्हणालो?

५ फेब्रु.
दिवसभर तंबूच डोळ्यांपुढे. पडद्यावर कापडी छताच्या गाड्यांची रांग नदी उतरायची, आणि शेजारच्या दिघाशी गावचे शेतकरी ओरडायचे, "अरं, डाव्या घोड्याला ढील दे!" मला मास्तर म्हणायचे. मी चौथी नापास. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या कुठल्या वाचता येणार? चित्र बघून सुचेल ते सांगायचो. काय आवाज होता तेव्हा माझा!

६ फेब्रु.
कुणाला बोललो नाही ते इथे लिहितो. पहिल्याच खेळाला रिळं मागेपुढे लागली. घोडेवाला मेला, त्याला पुरला, आणि पुढच्या रिळात तोच नदीवर घोड्याला पाणी पाजतोय! लोक उठायला लागले. तोंडातून निघून गेलं, "हा त्याचा जुळा भाऊ!" टाळ्या. डब्यांवरचे आकडे नंतर बघितले. तंबूचा मालक म्हणाला, "राहू दे असंच, चालतंय." तीन आठवडे चाललं.
आता ही थाप नोंदीत जायची? रिळं सरळ लावून खरी गोष्ट मीही कधी बघितली नाही.

८ फेब्रु.
दिघाशीचा गणपा आला. त्या वेळी रोज तंबूत असायचा. त्याला सांगून टाकलं, भाऊबिऊ कुणी नव्हता.
"न्हाय कसा? मी सोता बघितला हाय. त्याची मिशी बारीक व्हती."
"अरे, माणूस एकच होता."
मग म्हणाला, "मास्तर, माझा पोरगा नामा त्याच साली नदीत बुडाला. घरात कुनी जेवत नव्हतं. तो दुसरा भाऊ आलेला बघितला, तवा मी घरी जाऊन भाकर खाल्ली."
चहा न घेता गेला.

१० फेब्रु., रविवार
साहेब आले. गणपाही आला, न बोलावता, धुतलेला सदरा घालून. उंबऱ्याजवळ बसला. मी सांगत गेलो. घोडेवाल्याला पुरला इथपर्यंत आलो.
साहेब म्हणाले, "म्हणजे पिक्चर संपला?"
गणपा माझ्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता.
मी म्हणालो, "नाही. पुढे नदीवर एक माणूस घोड्याला पाणी पाजत होता."
साहेबांनी लिहून घेतलं. मान वर करून विचारलं, "कोण तो?"